तेनेरिफे आणि फुएर्तेवेंतुरा, जुलैत १० दिवस: डायव्हिंग, तेइदे आणि काइटचा क्रम बरोबर आहे का?

सागरवाट:
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्पेनच्या कॅनरी बेटांवर दोघांचा बेत आहे. दोघांकडे ओपन वॉटर (डायव्हिंगचं पहिल्या पायरीचं) सर्टिफिकेट आणि प्रत्येकी वीसेक डाइव्ह. काइटसर्फिंगमध्ये (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापणं) दोघंही कोरे. आखणी अशी:

दिवस १ – तेनेरिफेच्या दक्षिण किनाऱ्यावर मुक्काम. दिवस २ आणि ३ – लोस हिगांतेसला रोज दोन डाइव्ह. तिसऱ्या दिवशीची शेवटची दुपारी तीनला संपेल. दिवस ४ – केबल कारने तेइदे ज्वालामुखीवर. शिखराचा परवाना सकाळी ११ चा मिळालाय, तारीख बदलता येत नाही. दिवस ५ – मास्काची घळ. दिवस ६ दुपारी – उत्तरेच्या विमानतळावरून फुएर्तेवेंतुरा. दिवस ७ ते १० – तिथल्या सोतावेंतो किनाऱ्यावर काइटचा कोर्स.

क्रमात काही चुकतंय का? वेटसूट किती जाडीचा? आणि जुलैचा वारा नवशिक्याला झेपेल का?

तळठाव:
चुकतंय, आणि ते गंभीर आहे. तिसऱ्या दिवशी तीनला पाण्याबाहेर आणि चौथ्या दिवशी सकाळी तेइदेवर, हे करूच नका.

केबल कारचं खालचं स्टेशन २३५६ मीटरवर आहे, वरचं ३५५५ वर. विमानाच्या केबिनमधला दाब जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीइतका उतरू देतात. म्हणजे खालच्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभं राहिलात तरी शरीराच्या दृष्टीने तुम्ही विमानात आहात, आणि वरच्या स्टेशनवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. दोन दिवसांत चार डाइव्ह केल्यावर ऊतींमध्ये नायट्रोजन साचलेला असतो. दाब असा झपकन उतरला की त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून मज्जासंस्थेच्या इजेपर्यंत काहीही होऊ शकतं. अनेक डाइव्हनंतर उड्डाणाआधी किमान १८ तास थांबा असा नियम आहे. वरचं स्टेशन त्या नियमाच्या उंचीपेक्षाही हजारेक मीटर वर असल्यामुळे इथे पूर्ण २४ तासांच्या खाली येऊ नका.

परवाना हलत नसेल तर डाइव्ह हलवा. दिवस २ ला दोन डाइव्ह, दोनपर्यंत बाहेर. दिवस ३ किनाऱ्यावरच: स्नॉर्केलिंग, पोहणं, दक्षिणेला एल मेदानोच्या किनाऱ्यावरचा वारा बघणं. दिवस ४ तेइदे. मध्ये जवळजवळ दोन दिवस जातात. दिवस ५ ला पुन्हा दोन डाइव्ह, पण दुपारी बाराच्या आत संपवा. उंचीवरून खाली येऊन डाइव्ह करायला हरकत नाही, उलट क्रमच घातक.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती: उत्तरेचा विमानतळ, लोस रोदेओस, स्वतःच ६३३ मीटरवर आहे. म्हणजे घड्याळ विमान सुटण्याच्या वेळेपासून नव्हे, घाट चढायला लागल्यापासून मोजा. बाराला शेवटची डाइव्ह संपली तर दुसऱ्या दिवशी बारानंतरच निघा. विमान चारच्या पुढचं घ्या.

तेइदेसाठी: केबल कारचं तिकीट आणि शिखराचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना नाव आणि पासपोर्ट क्रमांकावर असतो, वाटेवर तपासतात. वरच्या स्टेशनपासून शिखर साधारण १६० मीटर उंच, चाळीसेक मिनिटांची चढण. समुद्रकाठून तीनेक तासांत इतक्या वर आल्यामुळे डोकं दुखणं, मळमळ साहजिक आहे. वाढत गेलं तर औषध घेऊन ढकलू नका, खाली उतरा. जाड जॅकेट हवंच. वारा वाढला की केबल कार बंद होते, म्हणून आदल्या रात्री आणि सकाळी निघताना, दोन्ही वेळा स्थिती बघा. उत्तरेकडे ढग दिसले म्हणून बेत मोडू नका: व्यापारी वाऱ्यांचे ढग साधारण हजार-दीड हजार मीटरवर अडकतात, त्यांच्या वर आकाश बहुधा स्वच्छ असतं.

सागरवाट:
हे खरंच लक्षात आलं नव्हतं, मनापासून आभार. मग मास्का कुठे बसवू? तिसऱ्या दिवशी चालेल?

तळठाव:
नको. सांतियागो देल तेइदेकडून मास्काला जाणारा रस्ता हजार मीटरवरून जातो. दुसऱ्या दिवशीच्या डाइव्हनंतर सकाळी लवकर निघालात तर १८ तास जेमतेम भरतात. मास्का किंवा पाचव्या दिवशीच्या डाइव्ह, यातलं एक निवडा; माझं मत डाइव्हच्या बाजूने. मास्काच निवडलंत तर आगाऊ नोंदणी लागते, हेल्मेट आणि बंद बूट लागतात. समुद्र खवळलेला असला की खालून नेणारी बोट येत नाही. मग उतरलेली सगळी घळ पुन्हा चढायची असते, त्या हिशेबाने पाणी घ्या.

शिडाची दोरी:
वाऱ्याबद्दल मी लिहितो.

या बेटांवर आधी बाजू ठरवायची, मग खेळ. जुलैत ईशान्येचे व्यापारी वारे भरात असतात. उंच ज्वालामुखी बेट आडवं आलं की वारा त्याच्या दोन्ही कडांवरून दाबून वाहतो आणि तिथे त्याचा वेग वाढतो. म्हणून एल मेदानो आणि ग्रान कनारियाचं पोसो इस्किएर्दो इतकी वाऱ्याची. आडोशाच्या बाजूला, म्हणजे लोस हिगांतेसला, त्याच दिवशी पाणी तळ्यासारखं असू शकतं. तुमच्या डाइव्हची जागा त्यामुळे योग्य आहे.

सोतावेंतोला जुलैत २० ते ३० नॉट वारा नेहमीचा. पंचाहत्तर किलोच्या सरावलेल्या माणसालाही तिथे ७ ते ९ चौरस मीटरचा काइट पुरतो; नवशिक्याने ५-६ पासून सुरुवात करावी. झेपेल, पण एकट्याने भाड्याचा काइट घेऊन नव्हे. कारण तिथला वारा जमिनीकडून तिरका समुद्राकडे जातो. चूक झाली तर किनारा जवळ येत नाही, लांब जातो. शाळा निवडताना पहिला प्रश्न विचारा: बचाव बोट धड्याच्या पूर्ण वेळ पाण्यात असते का?

तिथलं उथळ सरोवर शिकायला उत्तम, पण ते रोज नसतं. उधाणाच्या भरतीला वाळूच्या पट्ट्यामागे पाणी शिरतं तेव्हाच ते नीट भरतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत तिथे नुसती ओली वाळू राहते. म्हणून कोर्सचे दिवस अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास येतात का बघा, येत नसतील तर बेटांचा क्रम उलटा करता येतो का पाहा.

उपकरणात सर्वात जास्त घोटाळा बारीक वाळू करते. क्विक रिलीजमध्ये (काइट झटकन सोडून देणारी कळ) कण अडकले की ढकलल्यावर ते सुटत नाही. प्रत्येक वेळी पाण्यात जाण्याआधी किनाऱ्यावर एकदा उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, परत बसवा. दुसरा घोटाळा दोऱ्यांचा: पुढची आणि मागची दोरी अदलाबदल झाली तर काइट उडताक्षणी वेडावाकडा उसळतो. बारपासून (हातात धरायच्या दांड्यापासून) काइटपर्यंत चारही दोऱ्या बोटांमधून सरकवत चालत जा, एकही दुसरीवरून गेलेली नको. उडवताना मदतनिसाला अंगठा दाखवण्याआधी हे झालेलं असावं.

जुलैच्या उत्तरार्धापासून तिथे विंडसर्फिंग-काइटचा विश्वचषक असतो. तुमच्या तारखा बहुधा आधी संपतील, पण किनाऱ्याचा कुठला भाग बंद आहे ते शाळेला विचारा.

कातळफूल:
वेटसूटचं राहिलं. जुलैत पाणी साधारण २१-२२ अंश. डाइव्हसाठी ५ मिमी पूर्ण सूट. दिवसाच्या दुसऱ्या डाइव्हला थंडी वाजते तेव्हा ३ मिमी अपुरा पडतो. काइटसाठी ३/२ (धडाला ३ मिमी, हातपायांना २ मिमी), कारण इथे गारठवतो तो वारा. बूट दोन्हीकडे हवेत. लाव्हाचा खडक काचेसारखा कापतो आणि त्याच्या फटींत साळिंदरासारखे काटे असलेले काळे सागरी अर्चिन बसलेले असतात.

किनाऱ्यावरून डाइव्ह करायची वेळ आली तर आत जाण्यापेक्षा बाहेर येण्याची जागा आधी ठरवा. पाचेक मिनिटं उभं राहून लाटांची रांग मोजा, मोठ्या लाटा ओसरल्यावरच खडकाकडे सरका. लाव्हाच्या नळ्या दिसल्या तरी गुहेचं प्रशिक्षण नसताना आत शिरू नका. गाळ उठला की तोंड सापडत नाही.

कालिमाचा इशारा आला, म्हणजे सहाराची धूळ घेऊन पूर्वेचा गरम वारा आला, तर दिवस ४ पुन्हा तपासा. तेव्हा किनाऱ्यापेक्षा डोंगरावर जास्त तापतं, आणि आगीच्या धोक्यामुळे डोंगरातल्या वाटा बंद करतात. पाण्यात किंवा डोंगरात काही झालं तर क्रमांक ११२. डाइव्हनंतर मुंग्या येणं, बधिरपणा, विचित्र थकवा जाणवला तर फोनवर पहिल्याच वाक्यात डाइव्ह किती वाजता संपली ते सांगा, आणि रुग्णाला उंचीवरच्या रस्त्याने नेऊ नका.