जुनी लाकडी मोटर लाँच: कागद नाहीत, मग साल कसं काढायचं?

कृष्णाकाठ:
घरची लाकडी मोटर लाँच गेली अकरा वर्षं सांगलीजवळच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे. लांबी २८ फूट, रुंदी साडेसात, पुढं दोघं झोपतील एवढी केबिन. फळ्या सागवानी, तांब्याच्या रिबिटा. इंजिन दोन सिलिंडरचं किर्लोस्कर डिझेल. घरात सांगतात की ती १९३८ ला मुंबईत बांधली आणि १९५५ पासून बामणोलीला कोयनेच्या पाण्यात होती. कागद एकही नाही. सांध्यांत आता रुपया उभा शिरेल एवढ्या फटी आहेत. मशीननं घासून, फटींत इपॉक्सी (वाळून कडक होणारा रेझिनचा माल) भरून रंग द्यायचा विचार आहे. त्याआधी खरं साल कसं कळेल?

बामणोलीकर:
घासायचं काम आधी थांबवा, कृपा करून. जो पुरावा आहे तो रंगाखाली आणि लाकडात आहे.

१९५५ जुळत नाही. तेव्हा कोयना धरणच झालं नव्हतं. धरणाचा जलाशय, म्हणजे शिवसागर, भरायला लागला तो १९६० नंतर. म्हणजे एकतर साल चुकलंय, नाहीतर तोवर बोट दुसऱ्या पाण्यात होती. दुसरं असेल तर तळ सांगेल. पठाणाला (बोटीच्या तळाच्या मधल्या लांब तुळईला) लागून असलेल्या फळीवर टॉर्च तिरका धरा. खाऱ्या पाण्यात लाकडाला जो किडा लागतो, त्याच्या बोगद्याला आतून चुन्याचा पांढरा, टणक थर असतो. वाळवीच्या भोकात माती मिळते, भुंग्याच्या भोकात भुसा. हा किडा कोयनेच्या गोड्या पाण्यात जगत नाही, त्यामुळं पांढरं अस्तर दिसलं की बोट समुद्रात होती हे नक्की. नाही दिसलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण किड्यापासून वाचवायला तळाला तांब्याचा पत्रा मारलेला असू शकतो. त्याच्या बारीक खिळ्यांची ओळ शोधा.

डेकखालच्या मुख्य आडव्या तुळईवरूनही हात फिरवा. ब्रिटिश कायद्याखाली नोंदलेल्या जहाजांचा नंबर आणि टनेज (मापानं ठरवलेली क्षमता) तिथं कोरायचे. एवढ्या लहान बोटींची नोंदणी बऱ्याचदा नसायची, पण सापडला तर नंबरावरून जुन्या नोंदवह्यांत नाव शोधता येतं. लॉइड्स या ब्रिटिश संस्थेचं यॉटचं (खासगी सफरीच्या बोटींचं) रजिस्टरही १८७८ ते १९८० पर्यंत, युद्धाची वर्षं सोडून, निघत होतं.

लेथवाला_मिरज:
इंजिनावरून बोटीचं साल धरू नका. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनीच १९४६ ची. बोट खरोखर १९३८ ची असेल तर हे इंजिन मागाहून बसवलंय. इंजिनाच्या लाकडी बेडवर जुन्या बोल्टांची बुजवलेली भोकं बघा, त्यांच्या अंतरावरून आधीच्या इंजिनाचा पाया मोजता येतो.

मग आटे मोजा. अर्ध्या इंची बोल्टाला पट्टी लावा: इंचात १२ आटे आले तर व्हिटवर्थ, म्हणजे जुनं ब्रिटिश माप, १३ आले तर अमेरिकन. एम १२ (१२ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट) असेल तर पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, पावणेदोन मिलिमीटर. मेट्रिकचा कायदा १९५६ चा आणि इंची बोल्ट त्यानंतरही कितीतरी वर्षं मिळत होते, म्हणून व्हिटवर्थ म्हणजे युद्धाआधीचंच असं नाही. पण पठाण आणि नाळेच्या (पुढच्या उभ्या तुळईच्या) मूळ जोडात मेट्रिक बोल्ट निघाला तर तो जोड एकदा उघडलेला आहे. केबिनच्या जोडांत डिंकाची जांभळट-तपकिरी रेघ दिसली तर तो बहुधा रिसॉर्सिनॉल, पाण्यात टिकणारा डिंक, १९४० नंतरचा. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा.

सुतारमेट:
इपॉक्सी अजिबात नको. फळी वाळून आकसलीय, पाण्यात ती फुगणारच. फटीत कडक माल असेल तर तिला जागा मिळत नाही, मग वाक (बोटीच्या आतल्या बरगड्या) तडकतात किंवा रिबिटा ओढल्या जातात. सांध्यांत ठोकलेला जुना कापूस काढू नका. बाहेरून ओली पोती लावा, दिवसातून तीनदा भिजवा, दहा-बारा दिवस. आत पाणी भरू नका. एक घनफूट पाणी २८ किलोचं, आणि ठोकळ्यांवरच्या बोटीच्या फळ्या त्यानं बाहेर ढकलल्या जातात.

तेवढ्यात टोच्या घेऊन फळ्यांची टोकं आणि केबिनचे कोपरे तपासा. टोच्या लोण्यासारखा शिरला तर तेवढी फळी बदला. कूज खाऱ्या पाण्यानं कमी होते, साचलेल्या पावसानं जास्त.

भिजवूनही जी फट राहील तिथं कापसाची दोरी छिन्नीनं बसवा, फार ठोकू नका. वरून प्रायमर, मग लांबी (फट बुजवायची पुट्टी): वजनानं पाच भाग खडूपावडर, एक भाग जवसाचं उकळलेलं तेल. पहिल्यांदा पाण्यात सोडताना क्रेनचे पट्टे दोन दिवस काढू नका, पंप चालू ठेवा. शाफ्टचं (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं) अलाइनमेंट, म्हणजे इंजिनाशी सरळ रेषेत जुळवणं, त्यानंतरच करा, कारण फुगताना बोटीचा आकार बदलतो. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या चार इंची तोंडात फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजलेल्या फटीत ०.१ मिमी पेक्षा जास्त फरक नको.

कृष्णाकाठ:
घासायचं थांबवलं. उजव्या बाजूला, पठाणापासून दुसऱ्या फळीत तीन भोकं सापडली, पेन्सिल जाईल एवढी. आत पांढरं अस्तर आहे, नखानं खरवडत नाही. तुळईवर रंग जाड आहे, खाली काहीतरी कोरलेलं हाताला लागतं. नंबर खराब न करता रंग कसा काढू?

बामणोलीकर:
हीट गन आणि खरवडायचा पत्रा नको. पेंट रिमूव्हर जेल लावा, वर प्लॅस्टिकचा कागद, वीस मिनिटं. मग बांबूची काडी आणि टूथब्रश. खिडक्या उघड्या, हातमोजे, मास्क. जुन्या रंगात शिसं असतं. एक थर निघाला की फोटो, मगच पुढचा थर.