मदत हवी आहे: मुंबईत चालणारे टेम्प्लेट हैदराबादमध्ये फसते

हळदपेठ_सांगली
सांगलीतील हळदीच्या अडत्यांसाठी आम्ही हिशेबाची प्रणाली चालवतो. तिचे टेम्प्लेट (सर्व्हर, नेटवर्क वगैरे क्लाउडवर आपोआप उभे करणारी फाइल) क्लाउडच्या मुंबई केंद्रात विनातक्रार चालते, परंतु तेच हैदराबादमध्ये लावले की स्टॅक (त्या फाइलमधून उभा राहणारा संच) अर्ध्यावर फसतो आणि सगळे रोलबॅक, म्हणजे पूर्ववत, होते. सौद्यांचा हंगाम तोंडावर आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

कराडकाठ
कोणता क्लाउड, कोणत्या रिसोर्सवर (संचातील घटकावर) अडले, संदेश काय, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. इव्हेंट्समधील (स्टॅकच्या घडामोडींच्या नोंदीतील) सर्वांत आधीचे अपयश पाहा. पुढची बहुतेक त्याचेच परिणाम असतात.

मिरज_जंक्शन
एडब्ल्यूएस (अॅमेझॉनची क्लाउड सेवा) असेल, तर तिचे हैदराबाद रीजन (तिथले सर्व्हर-केंद्र) नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले असून ते खात्यात आधी चालू करावे लागते.

हळदपेठ_सांगली
ते चालूच आहे, नाहीतर स्टॅक सुरूच झाला नसता. क्लाउड अर्थातच एडब्ल्यूएस. इमेज आयडी (सर्व्हर ज्या साच्यावरून बनतो त्याचा क्रमांक) अस्तित्वात नाही असे संदेश म्हणतो, पण मुंबईच्या कन्सोलवर ती इमेज मला दिसते आहे!

कराडकाठ
इमेजचा आयडी त्या रीजनपुरताच असतो, म्हणून तो टेम्प्लेटमध्ये हार्डकोड करू नये, म्हणजे थेट लिहून ठेवू नये. पॅरामीटरला (टेम्प्लेटला बाहेरून मिळणाऱ्या मूल्याला) एसएसएमचा (एडब्ल्यूएसच्या ज्या सेवेत अशा नोंदी ठेवतात तिचा) प्रकार देऊन अॅमेझॉन लिनक्सचा सार्वजनिक पाथ लिहिला, की क्लाउडफॉर्मेशन (टेम्प्लेट चालवणारी एडब्ल्यूएसची सेवा) त्या रीजनमधला ताजा आयडी स्वतः शोधते. बकेटच्या (फाइली साठवण्याच्या जागेच्या) नावातही खाते क्रमांक आणि रीजन स्यूडो पॅरामीटरने (एडब्ल्यूएस स्वतः भरते त्या मूल्याने) जोडा, अन्यथा मुंबईत घेतलेले नाव पुन्हा मिळणार नाही.

वाईचा_घाट
हा सल्ला धोक्याचा आहे. उद्या आपण केवळ एक टॅग (ओळखचिठ्ठी) बदलायला स्टॅक अपडेट केला आणि मधल्या काळात नवी इमेज आलेली असली, तर जुना सर्व्हर काढून त्याजागी नवा उभा राहील. डेटाबेस कुठे ठेवला आहे? आम्ही मॅपिंग्जमध्ये (टेम्प्लेटमधील तक्त्यात) रीजनवार आयडी लिहितो.

कराडकाठ
म्हणजे हार्डकोडच, फक्त जागा बदलून. त्यापेक्षा प्रत्येक रीजनच्या पॅरामीटर स्टोअरमध्ये (एसएसएममधील नोंदींच्या साठ्यात) इमेज आयडीची स्वतःची नोंद ठेवावी आणि चाचणी झाल्यावरच ती बदलावी.

हळदपेठ_सांगली
डेटाबेस त्याच सर्व्हरच्या मूळ डिस्कवर आहे. इमेजचे काम झाले, पण आता सबनेटवर (नेटवर्कच्या एका भागावर) अडले आहे. तिथे झोन (रीजनमधील डेटा सेंटरचा स्वतंत्र गट) मुंबईचाच लिहिलेला आहे.

वाईचा_घाट
झोनची यादी गेट-एझेड्स फंक्शनने मागवा आणि सिलेक्टने त्यातला एक घ्या. मात्र अपडेटला हात लावण्याआधी डेटाबेस वेगळ्या व्हॉल्यूमवर (स्वतंत्र डिस्कवर) हलवा, कारण सर्व्हर बदलला की मूळ डिस्क सहसा त्याच्याबरोबरच पुसली जाते.