"झालेली गाडी घ्या" म्हणणाऱ्यांनी आधी सिलखाली डोकं घालून बघावं

पानाबहाद्दर, कॉव्हेन्ट्री

परवा दुसऱ्या एका चर्चेत बे एरियाकर यांनी पिंक टाकली : "घरच्या गॅरेजात जुनी स्पोर्ट्स कार उभी करणं हा छंद नाही, हट्ट आहे. पैसे जास्त जातात, काम कच्चं होतं आणि बहुतेक गाड्या ताडपत्रीखालीच मरतात. हौस असेल तर आधीच दुरुस्त झालेली गाडी घ्या आणि चालवा." त्यावर धडाधड +१ पडले. दोन दिवस गप्प बसलो. आज थंडीने बोटं बधिर झालीत, पाना धरवत नाही, म्हणून कीबोर्ड धरलाय.

माझी १९७२ची एमजीबी रोडस्टर, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. ३,२०० पौंडांना घेतली तेव्हा "झालेली"च होती. रंग चकचकीत, सोबत गॅरेजचं बिल. घरी आणून सिलला, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीला, चुंबक लावलं तर ते टपकन खाली. ग्राइंडर फिरवला : रंगाखाली पुटी, पुटीखाली जाळी, जाळीच्या आत कोंबलेलं वर्तमानपत्र. हे काम कुठल्या हौशी बाबूने घरी केलेलं नव्हतं, पैसे मोजून करून घेतलेलं होतं.

आधीच्या मॉडेलला, एमजीएला, निदान खाली वेगळी चेसिस (सांगाडा) होती. एमजीबीला ती नाही, आणि रोडस्टरला वर छप्परही नाही. म्हणजे सगळा भार सिलवर. बाहेरचा सिल, मधला पत्रा, आतला सिल, खाली कॅसल रेल नावाचा पत्रा. मी पहिल्या हिवाळ्यात शहाणपणा केला. दाराच्या चौकटीत आडवी पट्टी न ठोकता बाहेरचा आणि मधला पत्रा एकदम कापला. सकाळी बघतो तर गाडी मधून बसलेली, दाराची वरची फट गायब. ते सरळ करण्यात अख्खा हिवाळा गेला. जॅक, पट्ट्या, मोजमाप, पुन्हा जॅक.

चूक माझीच, निस्तरलीही मीच. आज दार एका बोटाने लागतं. चार हिवाळे आणि वर ९,००० पौंड गेले. विकली तर तेवढे येणार नाहीत. नाही येत तर नाही येत.

बे एरियाकर

पिंक वगैरे काही नाही, मत होतं. आणि तुम्ही इतकं लांबलचक लिहून ते सिद्धच केलंत, आभारी आहे. साधा हिशेब : १२,२०० पौंड आणि चार हिवाळे. तेवढ्यात माझ्यासारखी क्रोम बंपरवाली १९७३ची गाडी आली असती आणि चार उन्हाळे चालवूनही झाली असती. एमजीबी बनल्या त्यातल्या बहुतेक अमेरिकेतच आल्या. कॅलिफोर्नियात रस्त्यावर मीठ नाही, पत्रा कोरडा राहतो, शिवाय १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग (धुराची) चाचणी नाही. गंजकं हाडूक घेऊन चघळत बसायची गरजच काय?

दुसरं, जे तुम्ही शिताफीने टाळलंत. उद्या ती गाडी दुसऱ्याने घेतली तर तुमच्या सिलच्या आत काय आहे हे त्याला कसं कळणार? मागच्याच्या वर्तमानपत्रावर तुम्ही चिडलात. तुमचं वेल्डिंग तरी कोणी तपासलंय? तुमच्याकडे तर ४० वर्षांवरच्या गाडीला २०१८ पासून एमओटीचीही (वार्षिक तपासणीची) सक्ती नाही. यूट्यूब बघून शिकलेल्या वेल्डिंगवर बायकामुलांना बसवणं ही हौस नव्हे.

पानाबहाद्दर

यूट्यूब नाही, संध्याकाळच्या वर्गाला दोन टर्म जाऊन शिकलो. कडेला भोकं पाडून प्लग वेल्ड केलेत, प्रत्येक टप्प्याचे फोटो आहेत. सक्ती नसताना दरवर्षी स्वतःहून एमओटी करून घेतो.

पण हो, फोटो नसते तर तुमचा मुद्दा बरोबर ठरला असता. घ्या, दिला एक गुण. उशाशी घेऊन झोपा.

हेराल्डवाला, पुणे

दोघांनाही साष्टांग दंडवत. एकाला सिल टपालाने घरपोच, दुसऱ्याला वाळवंटातला कोरडा पत्रा. अहो, तुमच्याकडे एमजीबीची अख्खी बॉडीशेल जुन्या साच्यांवर नवी कोरी काढून विकतात, १९८८ पासून. त्याला रिस्टोरेशन म्हणायचं की मेकॅनो?

माझी १९७०ची स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासची. स्पोर्ट्स कार नाही म्हणून नाकं मुरडण्याआधी ट्रायम्फ स्पिटफायर खालून बघा. हेराल्डचीच चेसिस आखूड करून केलीय, आणि रेखाटन दोन्हींचं मिकेलोट्टी या इटालियन डिझायनरचं. म्हणून माझे ट्रनियन (पुढच्या चाकांचे सांधे) आणि ब्रेकचे वॉशर इंग्लंडातल्या स्पिटफायरवाल्यांकडून येतात, कस्टमचा भुर्दंड भरून. दाराचं रबर मात्र मी ट्रकच्या बीडिंगमधून ब्लेडने कापून बसवलंय. तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

आणि गॅरेज? कसलं गॅरेज? सोसायटीच्या स्टिल्टमध्ये एक जागा, दोन खांबांच्या मध्ये. बॉनेट अख्खं पुढे उलटतं, ते उघडलं की शेजारच्यांची स्कूटर अडकते. कमिटीने नोटीस लावलीय, "पार्किंगमधील भंगार सात दिवसांत हलवावे." भंगार! गाडीचं आरसी जिवंत आहे. चेअरमनसाहेबांच्या मोडक्या ट्रेडमिलला मात्र गेली तीन वर्षं नोटीस नाही. २०२१च्या नियमाप्रमाणे जुन्या गाड्यांसाठीच्या व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा तर २० हजार भरा, वर रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल नि दुरुस्तीपुरतीच बाहेर काढायची. पन्नास वर्षं जपल्याचं हे बक्षीस.

त्यात आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल. गेल्या पावसाळ्यात दोन महिने गाडी उभी होती. गणपतीत काढायला गेलो तर पेट्रोलचा पाइप फुगून लिबलिबीत, खाली थारोळं. इंजिनाचा धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड गरम असता तर गाडीही गेली असती आणि मीही. साखरसम्राटांची भांडी भरावीत म्हणून आमच्या टाकीत दारू ओततायत.

ऊसकरी, शिरोळ

ओ पुणेकर, तुमच्या गाडीचं रबर गळालं म्हणून उसावर बिल फाडायलाय व्हय? पन्नास वर्षांचा पाइप घालून फिरायचं आणि फुटला की शेतकरी वाईट. साखरेचा दर पडला की कारखाना म्हणतो पैसं नाहीत. कायद्यानं १४ दिवसांत एफआरपी, म्हंजे उसाचा ठरलेला दर, द्यायची, आमी चार-चार महिनं हेलपाटं मारायचं. इथेनॉलचं पैसं आलं म्हणून जरा तरी गाडं रुळावर आलंय. डिसेंबर २०२३ ला रसापासनं इथेनॉल करण्यावर बंधनं घातली तवा कुठं होता तुमी? गाडी पुसत बसला असशीला.

हेराल्डवाला, पुणे

मी शेतकऱ्याला कुठे बोललो? सम्राटांना बोललो. आणि पाइप पन्नास वर्षांचा नव्हता, दोन वर्षांपूर्वीच बदललेला होता. पंपावर मला निवडच नाही ही माझी तक्रार आहे. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ ला ई-१० आलं, तरी सुपरच्या नळीला ई-५ ठेवलं, जुन्या गाड्यांना तेच वापरा म्हणून सांगितलं. आपल्याकडे एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप-सील ई-२० ला टिकतील असे बनवले. आधीच्यांनी काय करायचं? कृष्णेत सोडायच्या?

ऊसकरी, शिरोळ

कृष्णेत नको, मळी सोडून आधीच भरलीया. (ह्ये मीच म्हटलं, तुमी म्हणायच्या आधी.)

कार्बवाली, लेस्टर

रसायनाचं बोलायचं तर दोघेही अर्धे बरोबर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाला बसतं आणि आतून गंज धरतो. साधं जुन्या पद्धतीचं रबर दोन वर्षांचं असलं तरी फुगतं. वय नाही, रबराची जात महत्त्वाची. इथेनॉलला टिकणारी नळी वेगळी मिळते, तिच्यावर आर-९ छापलेलं असतं. ती बसवा आणि गाडी उभी करताना टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत हवाच कमी राहील. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून गाडी दमल्यासारखी वाटते. एसयू कार्ब्युरेटरचा जेट जरासा खाली उतरवला की सुधारते. आणि ऊसकरीदादा, आता देशात उसापेक्षा मका-तांदळाचंच इथेनॉल जास्त होतंय, तेव्हा सगळं श्रेय घेऊ नका आणि सगळ्या शिव्याही खाऊ नका.

आता मूळ विषय. बे एरियाकर, तुमच्या दोन एसयूंचं ट्यूनिंग कोण करतं?

बे एरियाकर

मेकॅनिक. प्रत्येक वेळी पैसे देऊन. लाज वाटायचं काही कारण दिसत नाही.

कार्बवाली, लेस्टर

लाज नकोच. पण तो कधी रिटायर होणार आहे? माझा ७८ वर्षांचा होता. त्याने दुकान बंद केलं म्हणून झक मारत शिकले. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बच्या तोंडाशी, आणि दोन्हींचा फुसफुसाट सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. मग पिस्टन किंचित उचलून बघायचं : इंजिन चढून चढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त, बसायला लागलं तर कमी, क्षणभर चढून जागेवर आलं तर झालं. पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी गॅरेजातच जेवले. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मात्र आजही विक्रेते माझ्या खांद्यावरून मागे बघतात, "मिस्टर कुठे आहेत?" मिस्टर गाडीत झोपलेत हो. त्यांना प्लग आणि पॉइंट यातला फरक कळत नाही.

नाना गिरगावकर

पॉइंट म्हणालात म्हणून आठवलं. वडिलांच्या गॅरेजात लहानपणी एक एमजी टीसी यायची. तिच्या इंजिनच्या बोल्टांचं डोकं व्हिटवर्थ (जुनं इंग्लिश माप) आणि आटे मेट्रिक! पाना बसतो म्हणून आमच्या नव्या पोऱ्याने ऑपेरा हाऊसहून आणलेला इंग्लिश बोल्ट जोर लावून पिळला आणि ब्लॉकचे आटे गेले. वडील काही बोलले नाहीत. लेथवर नवा बुश करून बसवायला आठवडा गेला, आणि तो आठवडाभर पोऱ्याला फक्त चहा आणायचं काम. तेव्हा बे एरियाकरांचं एक मला पटतं : हौशी माणसाचा जोर गाडीला नडतो. पण तो पोऱ्या पगारी होता हेही खरंच.

बाकी पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पानाबहाद्दर

नाना, मग आपलं बोलणं खुंटलंच. बसवलंय मी. पावसात रस्त्याच्या कडेला फीलर गेज घेऊन वाकायचं वय गेलं.

नाना गिरगावकर

ते बंद पडलं की कडेला उभं राहून फोन करायचा, दुसरं काय करणार. पॉइंट निदान नखाच्या कानशीने घासता येतो.

ऊसकरी, शिरोळ

मक्याचं काढलंय म्हणून सांगतो. मका घालून आमच्या कोंबडीवाल्यांचं खाद्य महाग झालं, त्याचं कोण बघणार? आणि ताई, आमी श्रेय मागतच न्हाई, बिल मागतोय.

हेराल्डवाला, पुणे

दादा, एफआरपीला माझा पाठिंबा, लेखी देतो. फक्त पंपावर एक नळी साध्या पेट्रोलची ठेवा म्हणा तुमच्या साहेबांना.

ऊसकरी, शिरोळ

आमचं साहेब आमचं ऐकत असतं तर मी हितं कशाला तुमच्याशी भांडत बसलो असतो?

बे एरियाकर

उसाचं चालू द्या. तीन दिवस काही लिहिलं नाही, कारण पानाबहाद्दरांच्या त्या चुंबकाने डोक्यात घर केलं होतं. काल रात्री फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून गाडीखाली गेलो. डावीकडे घट्ट चिकटलं. उजवीकडे दाराच्या मागच्या कोपऱ्यापासून वीतभर कुठेच चिकटत नाही. विकणाऱ्याने "जन्मापासून कॅलिफोर्नियात" सांगितलं होतं. जुने कागद आज नीट चाळले तर पहिली बारा वर्षं गाडी मिशिगनमध्ये.

घरी केलेलं काम चांगलं असतं असं मी अजूनही म्हणत नाहीये. फक्त विचारतोय, चालवावी की नको?

पानाबहाद्दर

हसलो नाही. (थोडा हसलो.) तूर्त चालवू नका, आणि उजव्या सिलखाली जॅक तर अजिबात लावू नका, आत जाईल. दार उघडून वरची फट बघा, मग कोणाला तरी सीटवर बसवून पुन्हा बघा. फट बदलत असेल तर काम मोठं आहे. पुढचं आणि मागचं फेंडर खालून कापल्याशिवाय सिल पूर्ण बदलता येत नाही. कोणी "वरून पत्रा मारून देतो" म्हणाला तर गाडीची चावी परत घ्या. वेल्डिंग करणारा चांगला मिळेपर्यंत दाराच्या चौकटीत पट्टी कशी ठोकायची त्याचे माझे फोटो पाठवतो. ती चूक करून झालीय, तुम्ही नवीन काहीतरी करा.

बे एरियाकर

पाठवा. मेकॅनिकला दाखवतो. मी करणार नाहीये.

कार्बवाली, लेस्टर

ग्राइंडर घेताना चष्माही घ्या हो.

बे एरियाकर

म्हटलं ना, मी करणार नाहीये. कुठल्या ॲम्पचा मिग वेल्डर लागतो हे फक्त माहितीसाठी सांगा.

ऊसकरी, शिरोळ

सायबांचं वेल्डिंग झालं की मक्याच्या दराचं कोण बोलणार हाय ते सांगा. मी हितंच हाय.