पाळीव प्राणी निगा प्रमाणपत्र: परीक्षेत नेमकं काय बघतात?

नवशिकी_गंगाखेड
नमस्कार मंडळी. बारावी सायन्स झालंय. कुत्र्या-मांजरांच्या निगेचा प्राथमिक प्रमाणपत्र कोर्स चालूय, दीड महिन्यानं लेखी आणि प्रात्यक्षिक आहे. इकडं मिळणारी टिपणं सगळी गाय, म्हैस, शेळीची. कुत्र्या-मांजराचं दोन पानांत आटोपलेलं. तीन ठिकाणी अडलंय. नाडी-तापाचे आकडे डोक्यात बसत नाहीत. प्रात्यक्षिकात शिरेसाठी कुत्रं धरायला लावतात म्हणे, तिथं गुण कशाला असतात? आणि सलाईनच्या थेंबांचं गणित दरवेळी चुकतंय. शिवाय घरचे विचारतात, हा कागद हातात आल्यावर तालुक्यात घरोघरी जाऊन इंजेक्शनं देता येतील का?

टेबलाशेजारी
ताई, आधी आकडे. तापमानात गाय आणि कुत्रं फार लांब नाहीत, तिथं घोळ झाला तरी खपून जातं. मोठ्या कुत्र्याचं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, मांजराचंही जवळपास तेवढंच. गुण जातात ते नाडीत. कुत्रं मिनिटाला ६० ते १४०. अंगानं जितकं लहान तितकी नाडी जलद. मांजर १४० ते २२०. श्वास कुत्र्याचा १० ते ३०, मांजराचा २० ते ३०. दात मोठ्या कुत्र्याला ४२, पिलाला २८. मोठ्या मांजराला ३०, पिलाला २६. गाभण काळ दोघांचाही साधारण ६३ दिवस. एक फसवा प्रश्न हमखास येतो: चार दिवसांच्या पिलाचा ताप ९७ भरला, काय समजायचं? घाबरायचं कारण नाही. पहिल्या आठवड्यात ९५ ते ९९ असतंच, त्याला अंगची ऊब धरता येत नाही. म्हणूनच त्याला आईची कूस किंवा गरम पाण्याची गुंडाळलेली बाटली लागते.

पण आकडा पाठ असून भागत नाही, तो मोजायचा कसा हे विचारतात. थर्मामीटरला व्हॅसलीन लावा, गुदद्वारात हळूच फिरवत दोनेक सेंटिमीटर सरकवा आणि टोक कडेच्या भिंतीला टेकवून धरा. टोक विष्ठेत रुतलं तर ताप कमी दिसतो, सगळ्यात जास्त चूक इथंच होते. नाडी मांडीच्या आतल्या बाजूला, १५ सेकंद मोजून चारनं गुणा. त्याच वेळी दुसऱ्या हातानं छातीवर ठोके मोजा. ठोके ९० आणि नाडी ७० आली तर दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना सांगा, सरासरी काढू नका. कुत्रं धापा टाकत असेल तर श्वासाच्या रकान्यात अंदाजानं आकडा भरू नका, 'धापा टाकतंय' एवढंच लिहा. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत आला पाहिजे.

आपल्याकडची एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. शरीरस्थितीच्या १ ते ९ या मापात (१ म्हणजे हडकुळं, ९ म्हणजे लठ्ठ) ४-५ म्हणजे बरोबर, हे ठीक. पण कारवानी या सडपातळ शिकारी जातीच्या कुत्र्याच्या शेवटच्या बरगड्या निरोगी असतानाही दिसतात. लॅब्राडॉरचा नियम त्याला लावून 'कुपोषित' लिहू नका.

उदगीर_जुना
धरण्याबद्दल. परीक्षक जोर बघत नाही, तुमचा अंगठा बघतो. कुत्रं टेबलावर पोटावर बसलेलं. तुम्ही त्याच्या बाजूला, एक हात हनुवटीखालून मानेभोवती घेऊन डोकं आपल्या छातीला लावलेलं. दुसरा हात त्याच्या अंगावरून पलीकडच्या पुढच्या पायाच्या कोपरामागं. कोपर पुढं ढकला म्हणजे पाय मागं ओढता येत नाही. मग अंगठा पायाच्या वरच्या अंगानं आडवा दाबून किंचित बाहेरच्या बाजूला वळवा, शीर फुगून वर येते.

यापुढचा क्रम पाठच करा. डॉक्टर औषध सोडणार असतील तर सुई शिरेत गेल्यावर 'सोडा' म्हणताच अंगठा उचलायचा. दाबून ठेवला तर शीर फुटते, औषध बाहेर झिरपतं, पाय सुजतो. रक्त काढायचं असेल तर सिरिंज भरेपर्यंत दाब तसाच, मग अंगठा उचलायचा आणि त्यानंतरच सुई निघते. सुई निघाल्यावर त्या जागी कापूस धरून निदान मिनिटभर दाबायचं. पुसायचं नाही, दाबायचं.

चावऱ्या कुत्र्याला बँडेजची मुसकी: फास तोंडावरून, पहिली गाठ नाकाच्या वर, टोकं हनुवटीखाली फिरवून कानामागं सुटती गाठ. गच्च गाठ मारली तर गुण गेलेच समजा, ऐन वेळी ती सुटणार नाही. पगसारखं चपट्या नाकाचं, उलटी करणारं किंवा उन्हानं धापा टाकणारं कुत्रं असेल तर बँडेजची मुसकी नको. मे महिन्यात धापा हाच त्याचा घाम असतो. मांजराला मानेची कातडी धरून लोंबकळवायची पद्धत आता चुकीची धरतात. टॉवेलात गुंडाळा.

मांजरवाली_लातूर
थेंबांचं गणित भीतीमुळं अवघड वाटतं. १० किलोचं कुत्रं, दिवसाला किलोमागं ५० मिली धरले तर ५०० मिली. भागिले २४ म्हणजे तासाला साधारण २१ मिली. साध्या सेटमध्ये एका मिलीचे २० थेंब, म्हणजे तासाला ४२०, मिनिटाला ७. मायक्रो सेटमध्ये एका मिलीचे ६० थेंब, म्हणून तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब एकच आकडा: २१. सेटच्या पाकिटावर थेंब छापलेले असतात, ते न वाचता गणित सुरू केलं की उत्तर तिप्पट चुकतं.

औषधाचं सूत्र एकच: वजन गुणिले मिलिग्रॅम प्रति किलो, भागिले बाटलीवरचे मिलिग्रॅम प्रति मिली. मात्रा डॉक्टर ठरवणार, तुम्ही फक्त मिली काढून त्यांना दाखवायचे. उत्तरावर एक नजर टाकायची सवय लावा. ४ किलोच्या मांजराला ८ मिली आलं तर कुठंतरी दशांश चिन्ह हललंय.

जंतुनाशकात पार्व्होचा, म्हणजे कुत्र्यांना जीवघेणे जुलाब लावणाऱ्या विषाणूचा प्रश्न ठरलेला असतो. ५ टक्के हायपोक्लोराइटचा (क्लोरीनवालं ब्लीच) एक भाग आणि पाणी ३० भाग, म्हणजे लिटरला ३३ मिलीच्या आसपास. लावून १० मिनिटं ओलं राहू द्यायचं. आधी विष्ठा कागदानं उचलून साबणानं धुतलं नसेल तर त्याचा काही उपयोग नाही, घाणीतच क्लोरीन खर्ची पडतं. द्रावण रोज ताजं करा, उन्हात ठेवलेली बाटली लवकर मरते. संडासाचं ॲसिड त्यात चुकूनही नको, विषारी वायू होतो. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात ओतून धुणं परवडत नाही. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची, एक स्वच्छ पाण्याची. फडकं प्रत्येक पिंजऱ्याला वेगळं, आणि पार्व्होचा पिंजरा शेवटी.

नवशिकी_गंगाखेड
खूप आभार. हायपोक्लोराइट नसेल तर काळं फिनाईल चालेल का? इकडं गोठ्यात सगळीकडं तेच.

मांजरवाली_लातूर
मांजर असलेल्या खोलीत अजिबात नको. फिनॉल गटातली रसायनं मांजराचं यकृत नीट निचरू शकत नाही. ते पंजे चाटतं आणि लादीवरचं सगळं पोटात जातं. पॅरासिटामॉलचंही तेच, अर्धी गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतू शकते. तोंडी परीक्षेत हे दोन्ही विचारतात.

उदगीर_जुना
घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४, त्याचं कलम ३०. उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचे. राज्य सरकार ठरवेल त्या किरकोळ सेवांपुरती सवलत पशुधन पर्यवेक्षकासारखी पदविका किंवा प्रमाणपत्र असणाऱ्यांना आहे, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. तुमचा कोर्स त्यात बसत नाही. दवाखान्यात धरणं, मोजणं, स्वच्छता, नोंदी, दाखल जनावराची निगा, मालकाला सूचना समजावणं, हे तुमचं काम. पगार त्याचाच मिळतो आणि चांगला मदतनीस शोधूनही सापडत नाही.

बारावीला बायोलॉजी असेल आणि वय हातात असेल तर 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यायचा विचार करा. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आणि आपल्या भागात परभणी, उदगीर दोन्हीकडं महाविद्यालय आहे.

टेबलाशेजारी
एक राहिलं, आणि हे प्रात्यक्षिकाच्या आधीच करा. कुत्र्या-मांजरांत हात घालण्यापूर्वी स्वतःला रेबीजची आगाऊ लस: पहिला दिवस ०, मग ७, आणि २१ किंवा २८ व्या दिवशी तिसरी. दीड महिना आहे म्हणता, म्हणजे ह्याच आठवड्यात सुरू केली तर बसते. पुढं कधी चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि ०, ३ दिवशी दोन डोस घ्यायचे. आधी लस झालेली असली की सीरम (जखमेत द्यायचं रेबीजविरोधी इंजेक्शन) लागत नाही. लसीचं कार्ड जपून ठेवा, नोकरीला विचारतात.