टेप्कोला निसर्गाचा बळी म्हणणं पटत नाही
जपानच्या फुकुशिमा अणुवीज प्रकल्पातल्या अपघाताबद्दल, तो चालवणाऱ्या टेप्को कंपनीच्या बाजूने काहीजण म्हणतात, एवढी मोठी त्सुनामी आली त्यात कंपनीचा काय दोष, लोकांना फक्त कुणीतरी झोडपायला हवं असतं, हे अर्धंच खरं वाटतं. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला जी लाट आली तिचा अंदाज टेप्कोच्याच लोकांनी २००८ मध्ये काढला होता की, १५.७ मीटर! कंपनीच्या बड्या साहेबांनी काय केलं, तर अजून अभ्यास करू म्हणून फाईल बाजूला सारली. त्याच किनाऱ्यावर ओनागावाचा अणुवीज प्लांट साधारण १४ मीटर उंचीवर बांधलेला, तो वाचला, आता बोला.

पण मग जबाबदार कोण म्हटलं की सगळा धूर होतो. २०१२ च्या जपानी संसदेच्या चौकशी समितीने 'मानवनिर्मित आपत्ती' असं स्पष्ट लिहिलं, आणि इंग्रजी प्रस्तावनेत मात्र अध्यक्ष कुरोकावांनी जपानी संस्कृतीलाच, आज्ञाधारकपणा वगैरेला दोष दिला (जपानी आवृत्तीत हे नाहीच म्हणे, गंमतच आहे). संस्कृतीला कोण तुरुंगात टाकणार?

कोर्टाचंही तेच, २०२२ मध्ये शेअरहोल्डर्सच्या केसमध्ये टेप्कोच्या चार माजी अधिकाऱ्यांनी कंपनीला १३ लाख कोटी येन भरावेत असा निकाल आला, तो २०२५ मध्ये हायकोर्टाने फिरवला, फौजदारी केसमध्ये तर त्यातले तिघे आधीच निर्दोष सुटलेले. आणि भरपाईच्या पैशाचं म्हणाल तर २०१२ लाच सरकारने कंपनी ताब्यात घेतली, म्हणजे बराचसा भार शेवटी वीजग्राहक नि करदात्यांवरच.