मदत हवी आहे: स्क्रीनमुळे डोळे चुरचुरतात, संध्याकाळी लांबचं धूसर दिसतं

नमस्कार मंडळी,

फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेले दोन-अडीच महिने डोळ्यांनी वैताग आणलाय. सकाळी ठीक असतं. दुपारनंतर बारीक वाळू गेल्यासारखं चुरचुरायला लागतं आणि रात्रीपर्यंत भुवयांच्या वर ठणका. तेवढ्यावर असतं तर रेटलं असतं. पण परवा सलग तीन तास मोबाइलवर नोट्स वाचून वॉर्डात गेले, तर पलीकडच्या खाटेचा नंबर ६ आहे की ८ तेच कळेना. पंधरा मिनिटांनी आपोआप स्पष्ट झाला. मला चष्मा नाही, कधीच नव्हता. म्हणून जरा घाबरलेय.

पुस्तकं सगळी पीडीएफ, स्लाइड्स ग्रुपवर, केसपेपर लॅपटॉपवर. आणि झोपण्याआधी विरंगुळा म्हणून परत तोच मोबाइल.

करून पाहिलेलं: ब्लू लाइटचा चष्मा, डार्क मोड, लाली घालवणारे थेंब, आणि २०-२०-२०चं अ‍ॅप (दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचं). ते वाजलं की मी बंद करते, खोटं कशाला बोलू.

नंबर लागतोय का? नेमकी कुठली तपासणी करायला सांगू? 'मोबाइल कमी वापरा' एवढं सोडून काहीही सांगा, परीक्षा महिन्यावर आहे.

– अर्धोन्मीलित

निशाचर: +१. नर्सिंगला आहे, सेम टू सेम. वाचतोय.

तिरपा कटाक्ष: ऑप्टोमेट्री झालीय, रोज असे चार जण तरी येतात. तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, एकत्र बांधू नका.

चुरचुर कोरडेपणाची असावी. बोलताना आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लववतो, स्क्रीनवर ते ५ ते ७ वर येतं. त्यातही बऱ्याचदा पापणी अर्धीच मिटते. पापण्यांच्या कडेला तेलग्रंथी असतात, पापणी पूर्ण मिटली की त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं आणि अश्रू लवकर उडून जात नाहीत. अर्ध्या मिटण्यात ते होत नाही. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर येत असेल तर विचारूच नका.

धूसर दिसणं मात्र फोकसचं. जवळचं बघताना डोळ्याच्या आतला सिलिअरी स्नायू आवळतो. तासन्‌तास आवळून ठेवला की लगेच सैल पडत नाही, म्हणून लांबचा आकडा पुसट. तुम्ही स्नायूंचेच विद्यार्थी, जास्त सांगत नाही.

दोन कामं करा. मोबाइल नेहमीसारखा धरा आणि डोळ्यापासूनचं अंतर दुसऱ्या कुणाला टेपने मोजायला सांगा. आणि चालू असलेल्या गोळ्या लिहा, सगळ्या.

अर्धोन्मीलित: रूममेटने मोजलं. बसून २२ सेंमी. कुशीवर झोपून १७! आणि आमच्याच अभ्यासक्रमात अर्गोनॉमिक्स आहे. पेशंटला मान कशी ठेवायची ते मी सांगते.

तिने पापण्याही मोजल्या. लेक्चर बघताना मिनिटाला ६, तिच्याशी भांडताना १८.

गोळ्या: मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, तीन महिने झाले. त्याचा काय संबंध?

तिरपा कटाक्ष: संबंध आहे, चांगलाच. ती गोळी त्वचेतल्या तेलग्रंथी आवळते, पापणीतल्याही. डोळे कोरडे पडणं हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. मनाने बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

आता अंतर. ५० सेंमीवर वाचायला डोळ्याला २ डायॉप्टर (फोकसची ताकद मोजायचं एकक) फोकस लागतो, २२ सेंमीवर साडेचार. विशीत एकूण ताकद साधारण १०ची असते, पण निम्म्याच्या आसपास सतत वापरली की थकवा ठरलेला. त्यात छुपा प्लस नंबर असेल तर तोही यावर चढतो. तरुण डोळा तो नंबर स्वतःच भरून काढतो, त्यामुळे लांबचा तक्ता फडाफडा वाचता येतो आणि माणूस म्हणतो 'मला नंबर नाही'. म्हणून फोकसचा स्नायू सैल करणारे थेंब टाकून नंबर तपासायला सांगा. अश्रू किती सेकंद टिकतात आणि जवळ बघताना दोन्ही डोळे नीट आत वळतात का, तेही.

जुना भिंग: लाली घालवणारे थेंब आधी थांबवा. ते रक्तवाहिन्या आकसतात, असर उतरला की लाली दामदुपटीने परत येते. कोरडेपणाला काही उपयोग नाही. एका डोळ्यात जास्त दुखणं, उजेड सहन न होणं किंवा धूसरपणा न जाणं, यातलं काही झालं तर परीक्षा वगैरे न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

घुबडराव: ब्लू लाइटच्या चष्म्याने मला खूप फरक पडला. काढू नका.

तिरपा कटाक्ष: @घुबडराव, २०२३मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था) १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत डोळ्यांच्या ताणात तरी बहुधा फरक पडत नाही, असं निघालं. तुमच्या चष्म्यात थोडा नंबरही घातला होता का, बघा एकदा.

घुबडराव: ०.५० आहे. बरं.

अर्धोन्मीलित (अपडेट): जाऊन आले. आधी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: पापणी उघडली, पिवळा थर छान पसरला आणि मी मनात पाच म्हणेपर्यंत त्याला काळी भोकं पडायला लागली. निदान दहा सेकंद टिकायला हवा म्हणे. मग थेंब टाकून नंबर काढला, दोन्हीकडे +१.२५. म्हणजे माझा हिशोब साडेचार अधिक सव्वा, पावणेसहा! मायनस अजिबात नाही, हुश्श.

वाचायला चष्मा, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब आणि पापण्यांना गरम शेक. गोळीचा डोस कमी करायचा का, ते त्वचेच्या डॉक्टर ठरवतील. तपासणीच्या थेंबांमुळे बाहुल्या मोठ्या झाल्या आणि फोकसचा स्नायू एवढा सैल पडला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अक्षर वाचता आलं नाही. तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणी जाऊ नका.

पीडीएफ आता लॅपटॉपवर, हातभर लांब, अक्षर मोठं करून. कुशीवरचं वाचन अजून सुटलेलं नाही.

निशाचर: मी आत्ता मोजलं. १९. आणि लांबचा तक्ता मीही फडाफडा वाचतो. तपासणीला किती वेळ लागला?

अर्धोन्मीलित: थेंब चढायची वाट धरून दीड तास. सोबत कुणाला तरी ने, येताना उजेडात डोळे उघडवत नाहीत.