कमरेच्या नसेजवळचे इंजेक्शन आईसाठी घ्यावे काय?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): कापूस वेचणाऱ्या माझ्या आईची कळ आठ महिन्यांपासून कमरेतून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते, एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील चकती नसेवर दाबत असल्याचे दिसले. नागपूरच्या डॉक्टरांनी सी-आर्मखाली (क्ष-किरणांनी शरीराच्या आतले पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राखाली) इंजेक्शन सुचवले आहे. दुखणे कायमचे जाईल काय?

उत्तर १: याची हमी नाही. क्ष-किरणांच्या पडद्यावर सुईचे टोक पाहत, रंगद्रव्याने जागेची खात्री करून नसेच्या मुळाशी स्टेरॉइड सोडतात. त्याने सूज उतरते, परंतु चकती काढली जात नाही. आराम बहुधा काही आठवडे ते महिने टिकतो, आणि माझ्या मते तोच काळ व्यायामासाठी मोलाचा असतो.

उत्तर २: आईंना मधुमेह असल्यास साखर काही दिवस वाढू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

उत्तर ३: लघवी अडली, तिच्यावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर इंजेक्शनची वाट न पाहता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.